'पातळ थर' म्हणजे नक्की किती? इसब आणि सोरायसिसच्या मलमांचं प्रमाण, जागा आणि दिवस

खलबत्ता

चिठ्ठीवर बहुतेक वेळा मलमाचं नाव, 'एल/ए' (वरून लावा), 'बीडी' (दिवसातून दोनदा) आणि फार तर 'थिन फिल्म' एवढंच असतं. रुग्ण माझ्या औषधाच्या दुकानात काउंटरवर विचारतो, "किती लावू?" उत्तर ठरलेलं: "थोडं थोडं लावा." थोडं म्हणजे कुणाच्या लेखी मुगाच्या दाण्याएवढं, तर कुणाच्या लेखी ब्रशवरच्या टूथपेस्टएवढं. १५ ग्रॅमची ट्यूब एकाची चार दिवसांत संपते. दुसऱ्याच्या घरी तीच ट्यूब वर्षभर फ्रिजवर पडून असते आणि घरातल्या प्रत्येकाच्या प्रत्येक खाजेला तीच लागते.

मला फक्त इसब (मुलांचं कोपराच्या-गुडघ्याच्या खळगीतलं, मोठ्यांचं हातावरचं) आणि सोरायसिस यांबद्दल विचारायचं आहे.

रुग्णाला घरी मोजता येईल असं प्रमाण कोणतं सांगावं? चिठ्ठीवर ऑइंटमेंट आहे आणि दुकानात त्याच औषधाचं क्रीम आहे, तर ते चालतं का? मॉइश्चरायझर आधी की नंतर? आणि टॅक्रोलिमस या इसबाच्या, स्टिरॉइड नसलेल्या मलमाच्या ट्यूबा दुसऱ्याच दिवशी परत येतात, "आग होते, रिअ‍ॅक्शन आली" म्हणून. ते औषध दाह उतरवणाऱ्या नेहमीच्या स्टिरॉइड मलमांपेक्षा वेगळं नेमकं काय करतं?

डोस बदलणं माझं काम नाही हे माहीत आहे. पण लिहिलेला डोस नीट लागावा एवढं तर करता येईल. औषध कातडीत शिरून काय करतं ते समजलं तर सांगायलाही सोपं जाईल.

---

कातडीबचाव (त्वचारोग)

'थिन फिल्म' लिहिणं आधी आम्हीच बंद करायला हवं. १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या लाँग आणि फिन्ले यांनी याचं माप बसवून दिलं आहे आणि मराठीत त्याला आयता शब्द आहे: पेर.

मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत ट्यूबमधून सरळ पट्टी काढायची. ट्यूबचं तोंड ५ मिलिमीटरचं असेल तर ही पट्टी पुरुषाच्या बोटावर साधारण ०.५ ग्रॅम भरते, बाईच्या बोटावर ०.४. एवढं मलम दोन पंज्यांना पुरतं. पंजा म्हणजे बोटं जुळवून ठेवलेला, बोटांसकटचा तळहात. रुग्णाला एकच वाक्य सांगा: "एक पेर, दोन पंजे." चट्ट्यांवर हात ठेवून पंजे मोजायचे आणि त्याच्या निम्मी पेरं काढायची. मूल लहान असलं तरी बोट आणि पंजा मोठ्या माणसाचाच धरायचा. आई मुलाच्या बोटावर माप काढते ही नेहमीची चूक.

पूर्ण भाग माखायचा असेल तर मोठ्या माणसाला चेहरा आणि मान अडीच पेरं, एक हात (पंजा सोडून) तीन, पंजा दोन्ही बाजूंनी एक, एक पाय सहा, पाऊल दोन, छाती-पोट सात, पाठ आणि ढुंगण सात. बेरीज चाळीसच्या आसपास जाते, म्हणजे अंगभर एकदा लावायला २० ग्रॅम. आता विचार करा, अंगभर चट्टे असलेल्या माणसाला १५ ग्रॅमची एक ट्यूब दिली तर तो ती पुरवून पुरवून लावणार, गुण येणार नाही, आणि महिन्याने "स्टिरॉइडचाही उपयोग झाला नाही" असं सांगणार. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला चेहरा-मान दीड, एक हात पंजासकट दोन, एक पाय पावलासकट तीन, छाती-पोट तीन, पाठ-ढुंगण साडेतीन.

औषध आत काय करतं ते आता. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधली चरबी म्हणजे चुना. स्टिरॉइडचा रेणू लहान आणि चरबीत विरघळणारा, म्हणून तो चुन्यातून वाट काढत खालच्या जिवंत पेशीत पोचतो. तिथे तो आपल्या रिसेप्टरला (पेशीतल्या ठरलेल्या प्रथिनाला) चिकटतो आणि दोघे मिळून पेशीच्या केंद्रकात शिरतात. दाह पेटवणारी रसायनं बनवायचा हुकूम जिथून सुटतो, ती जनुकं दाबली जातात. लहान रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून लाली उतरते. ही कातडी पांढरी पडण्याची क्रिया इतकी भरवशाची आहे की १९६२ पासून कोणतं स्टिरॉइड किती जोरकस ते ठरवायला तीच चाचणी वापरतात.

हे सगळं जनुकांच्या वाटेने होतं, त्यामुळे त्याला काही तास लागतात. लावल्यावर दहा मिनिटांत खाज थांबली नाही म्हणून पुन्हा लावणं फुकट. शिवाय औषधाचा साठा वरच्या मेलेल्या थरात टिकून राहतो आणि हळूहळू झिरपतो. जोरकस स्टिरॉइड दिवसातून एकदा लावलं तरी बहुतेक वेळा पुरतं ते त्यामुळेच. चिठ्ठीवर 'बीडी' असेल तर बीडीच द्या, पण दिवसातून चार-पाच वेळा चोळणाऱ्याला थांबवा.

कातडी पातळ होते ती याच यंत्रणेमुळे. दाहाच्या पेशी कोणत्या आणि कोलॅजन (कातडीला बळ देणारे धागे) विणणाऱ्या कोणत्या, हे स्टिरॉइडला कळत नाही. कोलॅजनचं विणकामही मंदावतं. महिनोन्‌महिने लावलं की कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी दिसते, शिरा दिसू लागतात, जांघेत-काखेत ताणाचे पट्टे उठतात. पातळपणा पुष्कळसा भरून येतो. पट्टे मात्र कायमचे.

ट्यूबवरच्या टक्क्यांवर जाऊ नका. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का सौम्य आणि क्लोबेटासॉल ०.०५ टक्के सगळ्यांत जहाल. 'पाच शतांश टक्के म्हणजे हलकं असेल' असं समजून लोक तेच तोंडाला लावतात. मोमेटासोन ०.१ आणि बेटामेथासोन व्हॅलेरेट ०.१ जोरकस गटातले. नावाचं शेपूटही वाचायचं: हायड्रोकॉर्टिसोन अ‍ॅसिटेट सौम्य, पण हायड्रोकॉर्टिसोन ब्युटिरेट जोरकस. क्लोबेटासॉलची मोठ्या माणसाची हद्द आठवड्याला ५० ग्रॅम आणि सलग दोन आठवडे.

जागेचा फरक तर फारच मोठा. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मेबॅक यांनी हायड्रोकॉर्टिसोन शरीरावर वेगवेगळ्या ठिकाणी लावून किती शोषलं जातं ते मोजलं. कोपराखालचा हात १ धरला तर तळपाय ०.१४, तळहात ०.८३, डोक्याची कातडी ३.५, कपाळ ६, जबडा १३ आणि अंडकोषाची कातडी ४२. तळपायाच्या जाड इसबावर दिलेली ट्यूब जांघेत लावली की काय होणार, ते या आकड्यांवरून दिसतंच. बाळाचा प्लास्टिकचा डायपरही झाकणाचंच काम करतो, त्याखाली औषध आणखी आत जातं.

---

पातळभांडं (औषधनिर्मिती)

पेराच्या हिशेबात एक गोम आहे. तो ५ मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबवर बसवलेला आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या ट्यूबांचं तोंड पुष्कळदा त्याहून अरुंद असतं. ३ मिलिमीटरच्या तोंडातून तेवढ्याच लांबीची पट्टी काढली तर तिचा छेद ३६ टक्केच, म्हणजे ०.५ ऐवजी ०.१८ ग्रॅम. रुग्ण प्रामाणिकपणे पेर मोजतो आणि डोस तिसऱ्या हिश्श्याहून थोडाच जास्त पडतो. ट्यूबची टोपी उलटी करून सील फोडताना तोंड किती उघडतं यावरही फरक पडतो. काउंटरवर डिजिटल काटा असेल तर नेहमी खपणाऱ्या चार-पाच ट्यूबांची एकेक पट्टी बटर पेपरवर काढून वजन करा आणि ट्यूबच्या खोक्यावर पेन्सिलने टिपून ठेवा: "२ पेरं = अर्धा ग्रॅम" वगैरे. उलटा ताळाही घेता येतो. अर्ध्या ग्रॅमच्या पेराने १५ ग्रॅमची ट्यूब ३० पेरं चालायला हवी.

क्रीम आणि ऑइंटमेंटची अदलाबदल विचारल्याशिवाय करू नका. ऑइंटमेंट म्हणजे जवळजवळ सगळा चिकट भाग, पाणी नाही किंवा नावाला. ते कातडीवर झाकण घालतं, आतला ओलावा अडवतं, वरचा थर फुगवतं आणि औषध जास्त आत ढकलतं. तेच औषध, तेच टक्के असले तरी ऑइंटमेंट साधारणपणे क्रीमपेक्षा वरचढ पडतं. क्रीममध्ये पाणी असतं, म्हणून त्यात प्रिझर्व्हेटिव्ह घालावं लागतं, आणि चिरलेल्या कातडीला तेच झोंबतं. रुग्ण म्हणतो स्टिरॉइडची आग होते. कित्येकदा ती प्रॉपिलीन ग्लायकॉलची असते.

जाड, कोरडं, खपल्यांचं, भेगाळलेलं असेल तर ऑइंटमेंट. ओलसर, पाझरणारं असेल तर क्रीम. केसांत लोशन किंवा जेल, कारण ऑइंटमेंट केसांना चिकटतं आणि कातडीपर्यंत पोचतच नाही. त्यात अल्कोहोल असेल तर खाजवून फोडलेल्या डोक्याला ते चांगलंच झोंबतं, हे आधीच सांगून ठेवावं. कोकणात, मुंबईत मे-जूनच्या घामात ऑइंटमेंट कुणी लावून घेत नाही हेही खरं. जे लागणारच नाही ते औषध कितीही भारी असून काय करणार? अशा वेळी डॉक्टरांना फोन करून 'क्रीम चालेल का' विचारणं सगळ्यांत बरं.

सोरायसिसच्या खपल्यांसाठी सॅलिसिलिक अ‍ॅसिड ३ ते ६ टक्के घातलेली मलमं येतात. ते पेशींना जोडणारा चिकटा सैल करतं, खपली निघते आणि खालच्या कातडीला स्टिरॉइड लागतं. फक्त कॅल्सिपॉट्रिऑलबरोबर एकाच वेळी नको, कारण आम्लात कॅल्सिपॉट्रिऑल निकामी होतं. दोन्ही चिठ्ठीवर असतील तर एक सकाळी, एक रात्री का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. कॅल्सिपॉट्रिऑल हे ड जीवनसत्त्वाचं भावंड. सोरायसिसमध्ये कातडी चार आठवड्यांचं काम चार-पाच दिवसांत उरकत असते, तो वेग ते उतरवतं. ते लागू पडतं हे कळलं तेही अवचित: जपानमध्ये हाडांच्या ठिसूळपणासाठी ड जीवनसत्त्वाचं औषध घेणाऱ्या रुग्णाचा सोरायसिस बरा झाल्याचं १९८५ मध्ये नोंदवलं गेलं. मोठ्या माणसाला आठवड्याला १०० ग्रॅमच्या वर नाही, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम चढतं. लावून झाल्यावर हात धुवायचे, तोंडाला लागलं तर चुरचुरतं.

---

सिस्टर रात्रपाळी

पाझरणाऱ्या इसबावर थेट मलम थापू नका. ओल्या भिंतीवर रंग बसत नाही, तसं ते सरकतं. आधी पोटॅशियम परमँगनेटची पट्टी. इसबासाठी प्रमाण १ भाग १०,००० भाग पाण्यात. ४०० मिलिग्रॅमची गोळी मिळाली तर ती ४ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायची. खडे असतील तर अगदी दोन-चार खडे आधी वाटीभर पाण्यात विरघळवून, फडक्यातून गाळून मग बादलीत घालायचे आणि रंग फिकट गुलाबी ठेवायचा. वांग्याच्या रंगाचं पाणी म्हणजे जास्त झालं. न विरघळलेला एक खडाही कातडीवर बसला तर भाजतो. सुती फडकं बुडवून, पिळून १० मिनिटं ठेवायचं, दिवसातून एक-दोनदा, आणि पाझर थांबला की बंद, कारण पुढे ते कातडी आणखी कोरडी करतं. नखं आणि टब तपकिरी होतात, घाबरायचं नाही. गोळी दिसायला साध्या गोळीसारखी असते, म्हणून 'खायची नाही' हे मोठ्या अक्षरांत लिहून द्या.

पिवळी खपली, पू, ताप असेल, किंवा मुलाच्या इसबावर एकसारखे टाचणीने टोचल्यासारखे खळगे पटापट पसरत असतील, तर मलम-पट्टी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर. खळगे असतील तर नागिणीच्या जातीचा हर्पिसचा संसर्ग असू शकतो.

मॉइश्चरायझर आधी की नंतर यावर घराघरांत वाद होतात. क्रम कोणताही चालतो, दोन्हींच्या मधे १५ ते ३० मिनिटं गेली पाहिजेत. एकावर एक लगेच लावलं की स्टिरॉइड पातळ होतं आणि नको तिथे पसरतं. व्यवहारात सोपं म्हणजे रात्री आंघोळ, टॉवेलने टिपून (घासून नव्हे) तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर, आणि झोपताना चट्ट्यांवर स्टिरॉइड. पाणी कोमट, आंघोळ पाच-दहा मिनिटांत आटोपलेली. उटणं, डाळीचं पीठ, घासणी बंद. साबण फक्त काखा, जांघ, पाय इथे.

मॉइश्चरायझरच्या बाबतीत आपल्याकडे हात फार आखडता असतो. अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ग्रॅमच्या खाली भागत नाही. ५० मिलिलिटरची सुवासिक बाटली घेऊन महिना काढणं म्हणजे न लावल्यासारखंच. साधं पांढरं पेट्रोलियम जेली स्वस्त आणि बिनवासाचं. खोबरेल तेल चालतं. ऑलिव्ह तेल मात्र कातडीचा बांध सैल करतं, महाग आहे म्हणून चांगलं असं नाही. डबीत बोटं घालू नका, चमच्याने काढा. लावताना केसांच्या दिशेने खाली खाली न्यायचं, गोल गोल चोळलं की केसांच्या मुळांशी पुटकुळ्या येतात.

जेली मुरलेले कपडे, चादरी भराभर पेटतात, धुतल्यावरही अंश राहतो. गॅस, निरांजन, उदबत्ती, विडीपासून लांब. हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

तालुका ओपीडी (जनरल प्रॅक्टिस)

दोन गोष्टींवर माझं मत वेगळं आहे.

पहिली, पेर वगैरे ठीक, पण साठीच्या शेतकऱ्याला किंवा अंगणवाडीतल्या मुलाच्या आजीला ते लक्षात राहत नाही. त्यापेक्षा बेटामेथासोन आणि मॉइश्चरायझर निम्मं-निम्मं एका डबीत घालून द्यावं आणि 'सगळीकडे लावा' सांगावं. स्टिरॉइड अर्धं होतं, मॉइश्चरायझरही लागतं.

दुसरी, दाह कसला हे ठरेपर्यंत थोडं स्टिरॉइड, थोडं बुरशीचं, थोडं अँटिबायोटिक असलेली मिश्र ट्यूब देणं वाईट का? ओपीडीत शंभर पेशंट असतात, प्रत्येकाची कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघणं होत नाही.

---

पातळभांडं

सर, डबीत मिसळण्याबद्दल: निम्मं घातलं म्हणजे जोर निम्मा होतोच असं नाही. क्रीममधलं सगळं स्टिरॉइड एका वेळी कातडीत जात नसतंच. त्यामुळे पातळ करूनही परिणाम फारसा न उतरता भरपूर जागेवर लागतो, चेहरा आणि जांघ धरून. सौम्य हवं असेल तर सौम्य औषध लिहिणं चांगलं. ही झाली एक बाजू.

दुसरी रसायनाची. बेटामेथासोन व्हॅलेरेटमध्ये व्हॅलेरेटचा गट १७ क्रमांकाच्या कार्बनवर असतो. मॉइश्चरायझरने आम्लता बदलली, मिश्रण थोडं अल्कधर्मी झालं, की तो गट २१ व्या कार्बनवर सरकतो आणि औषधाचा जोर बराच उतरतो. म्हणजे डबी पहिल्या आठवड्यात वाजवीपेक्षा जास्त आणि महिन्याने वाजवीपेक्षा कमी काम करू शकते. प्रिझर्व्हेटिव्हही पातळ झालेलं असतं आणि त्याच डबीत रोज ओली बोटं जातात. क्रीम फुटून पाणी वेगळं झालेलं दिसलं तर ती डबी टाकूनच द्यायची.

आजीबाईंसाठी दोन वेगवेगळ्या झाकणांच्या डब्या-ट्यूबा बऱ्या. मोठी डबी अंगाला रोज, छोटी ट्यूब फक्त लाल खरखरीत जागेला.

---

कातडीबचाव

मिश्र ट्यूबबद्दल मी जरा कडक बोलतो, सर, राग मानू नका.

गजकर्णाच्या चट्ट्याची ओळख म्हणजे उठावदार, खवलेदार कड आणि मधे बऱ्यापैकी साफ. ती कड म्हणजे शरीराने बुरशीवर केलेला दाह. त्यावर क्लोबेटासॉल पडलं की कड विरते, खाज दोन दिवसांत थांबते, रुग्ण खूश. बुरशीला मात्र रान मोकळं. तीन आठवड्यांनी चट्टा दुप्पट, कड अस्पष्ट, मधे पुन्हा कड, एकात एक वर्तुळं, आणि बघणाऱ्याला ते इसबासारखं दिसतं. मग आणखी स्टिरॉइड. आज जांघेपासून कमरेपर्यंत पसरलेलं, टर्बिनाफिन या बुरशीच्या औषधाला न जुमानणारं गजकर्ण सगळ्या महाराष्ट्रात दिसतं. त्यात आता ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं वेगळं नाव मिळालेल्या बुरशीचा भाग आहेच, पण या ट्यूबांनी तिला पोसलं आहे. २०१८ मध्ये स्टिरॉइड मलमांना शेड्यूल एचमधली (चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीतली) सूट काढून घेतली गेली ती याच कारणाने. खलबत्ता, काउंटरवर चिठ्ठीशिवाय मागितली तर 'नाही' म्हणायला कायदा तुमच्या बाजूने आहे.

मायक्रोस्कोप नको, चार प्रश्न पुरतात. कड उठावदार आहे का? एकाच बाजूला आहे की दोन्हीकडे सारखं? (इसब आणि सोरायसिस बहुधा दोन्हीकडे जोडीने येतात.) घरात आणखी कुणाला आहे? खाज रात्रीच वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ आहे? शेवटचं असेल तर खरूज, आणि तीही स्टिरॉइडने झाकली जाते पण पसरत राहते. पावसाळ्यात पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांनाही लोक हीच ट्यूब लावतात. तिथे कोरडं ठेवणं आणि बुरशीचं औषध हवं. शंका राहिली तर स्टिरॉइड न देता आठवडाभर नुसतं बुरशीचं मलम देऊन बघणं कमी नुकसानाचं.

आता टॅक्रोलिमस, तो प्रश्न मागेच राहिला.

जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून हे १९८४ मध्ये मिळालं, आधी अवयवरोपणासाठी. स्टिरॉइड अनेक खोल्यांचा मेन स्विच पाडतं, तर टॅक्रोलिमस एकाच खोलीचं बटण बंद करतं. टी पेशी (रोगप्रतिकाराची पांढरी पेशी) चिडली की तिच्या आत कॅल्सिन्यूरिन नावाचं विकर एका निरोप्याला केंद्रकात पाठवतं, आणि मग इसबाचा दाह चालू ठेवणारी इंटरल्यूकिन नावाची निरोप्या रसायनं तयार होतात. टॅक्रोलिमस कॅल्सिन्यूरिनलाच अडवतं. कोलॅजन विणणाऱ्या पेशींना हे विकर त्या कामासाठी लागत नाही, म्हणून कातडी पातळ होत नाही. पापण्या, तोंडाभोवती, मान, जांघ इथे ते कामाचं ठरतं ते यामुळे.

रेणूही मोठा, ८०० डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं माप) वर. ५०० च्या वरच्या रेणूंना निरोगी कातडी सहसा आत घेत नाही. इसबाने फाटलेल्या कातडीतून तो जातो, कातडी सांधली की आपोआप कमी जातो. जाड खपलीच्या सोरायसिसवर, कोपरा-गुडघ्यांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही त्याचं कारणही हेच. चेहऱ्यावरच्या आणि जांघेतल्या सोरायसिसवर मात्र होतो.

आग होते ती अ‍ॅलर्जी नव्हे. मिरची झोंबते ती ज्या मज्जातंतूंच्या वाटेने, तिथेच हे औषध सुरुवातीला चाळवतं. लावल्यावर थोड्या वेळात सुरू होते, काही मिनिटं ते तासभर टिकते, आणि आठवडाभरात बहुतेकांची कमी होते. कातडी जितकी सोललेली तितकी आग जास्त. म्हणून पुष्कळदा आधी चार-पाच दिवस स्टिरॉइडने दाह उतरवतात आणि मग टॅक्रोलिमसवर आणतात. ट्यूब फ्रिजमध्ये ठेवून गार लावली, आंघोळीनंतर लगेच न लावता कातडी पूर्ण कोरडी झाल्यावर लावली, की सुसह्य होतं. दारू प्यायल्यावर लावलेल्या जागी चेहरा लालबुंद होऊ शकतो, हे मोठ्यांना खासगीत सांगा. आग वाढतच गेली, सूज आली, पुटकुळ्या आल्या तर मात्र थांबवून दाखवायला सांगा.

२ ते १५ वर्षं ०.०३ टक्के, १६ पासून पुढे ०.१ टक्के. दोन खोकी सारखीच दिसतात, देताना आकडा वाचा. अमेरिकेत २००६ पासून खोक्यावर कर्करोगाचा इशारा आहे. तो पोटातून दिलेल्या मोठ्या डोसच्या आणि प्राण्यांवरच्या अनुभवावरून आला. नंतर मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेल्या नोंदींत कर्करोगाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा वाढलेलं आढळलं नाही. आईवडील इंटरनेटवर वाचून येतात, त्यांना एवढं सांगितलं तरी ट्यूब परत येणं थांबतं. लावलेल्या भागाला कडक ऊन टाळायचं.

आणि थांबवायचं कसं, हे 'बीडी'त कधीच नसतं. इसब साफ झाला म्हणजे बोटाने चाचपल्यावर खरखर राहिली नाही. नुसती लाली गेली म्हणून तिसऱ्या दिवशी सोडलं की आठवड्यात परत येतो. ज्यांना वारंवार येतो त्यांना साफ झाल्यावरही आठवड्यातून दोन दिवस, ठरलेल्या वारी, जुन्या जागांवर लावायला देतात. याने उलटण्याचं प्रमाण खरंच कमी होतं. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने गोरेपणासाठी म्हणून स्टिरॉइड लावलेलं असेल आणि सोडताच चेहरा भाजल्यासारखा लाल होत असेल, तर पुन्हा तीच ट्यूब देऊ नका, आमच्याकडे पाठवा. डोळ्यांभोवती लावणाऱ्यालाही पाठवा, डोळ्याचा दाब वाढू शकतो.

---

तालुका ओपीडी

राग कसला. डबीतलं मिश्रण थांबवतो. गजकर्णाचे चार प्रश्न टेबलच्या काचेखाली ठेवण्यासारखे आहेत. एकच, 'एकाच बाजूला' हा निकष हातावरच्या इसबाला लावू नका. मिरची कांडणारी, सिमेंट कालवणारी, भांडी घासणारी माणसं एकाच हाताने काम करतात आणि इसबही त्याच हाताला जास्त येतो.

---

कातडीबचाव

बरोबर. आणि उलट, दोन्ही पायांना चिखल्या आणि एकाच तळहाताची कातडी कोरडी-खवलेदार असेल तर तो हात बुरशीचाच निघतो पुष्कळदा. हाताचा इसब बघताना चप्पल काढायला सांगावी.

---

खलबत्ता

काटा लावला. सगळ्यांत जास्त खपणाऱ्या तीन ट्यूबांपैकी एकीचं पेर ०.४५ ग्रॅम, दुसरीचं ०.३, तिसरीचं ०.२. एकाच कपाटातल्या ट्यूबा!

आता चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलेलं तेच, फक्त रुग्णाला कळेल अशा भाषेत लेबलवर लिहिणार आहे. उदाहरणार्थ ४ वर्षांचं मूल, दोन्ही कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खळग्या मिळून आईचे दोन पंजे:

"मोमेटासोन क्रीम. रोज रात्री एकदा. आईच्या बोटाचं १ पेर, चारही खळग्यांना मिळून. १४ दिवस. तोंडाला, जांघेत नाही. दुसऱ्या कुणाला नाही."

१४ दिवसांचे ७ ग्रॅम होतात, म्हणजे १० ग्रॅमची ट्यूब बस झाली, १५ ची नको. काही राहिलं का?

---

सिस्टर रात्रपाळी

'१४ दिवस' काढा आणि थांबायची तारीख लिहा. मधे दोन दिवस विसरले, मामाकडे गेले, की दिवस कुणी मोजत नाही. आणि लेबल खोक्याला नको, ट्यूबलाच चिकटवा. खोकं पहिल्याच दिवशी केरात जातं.